पिलाताला निर्दोष सोडू नका

पंतय पिलात निर्दोष होता असे आपल्या मंडळ्यांत कोणी सरळ म्हणत नाही. पण उत्तम शुक्रवारी दुपारी उपासना भरते, येशूच्या खटल्याचा शास्त्रपाठ होतो, आणि संदेश संपेपर्यंत पिलात सुटलेला असतो. यवतमाळ शहरात, उमरीला, दारव्ह्याला मी हे संदेश ऐकत आलो आहे. संदेश देणारे बदलतात, मांडणी तीच राहते. पिलात मनाने वाईट नव्हता. येशू निर्दोष आहे हे त्याला कळले होते. त्याला सोडवायची खटपटही त्याने केली. पण यहुद्यांनी गलका केला, बिचाऱ्याचा नाइलाज झाला, आणि त्याने पाणी मागवून हात धुतले. मग दोष यहुद्यांचा. आणि फारच खोलात शिरले तर दोष कोणाचाच नाही, कारण हे सगळे देवाच्या योजनेप्रमाणेच घडले.

हे मला मान्य नाही. मी पाळक नाही, वकील आहे. हयात जिल्हा न्यायालयात गेली. शुभवर्तमानातला हा भाग मी खटल्याचे कागद वाचावेत तसा वाचतो, आणि तसा वाचला की सर्वांत भक्कम पुरावा न्यायासनावर बसलेल्या माणसाविरुद्धच उभा राहतो. यवतमाळच्या ख्रिस्ती लोकांना हे कोणी बाहेरून येऊन सांगावे लागू नये. युनियन बिब्लिकल सेमिनरी १९५३ पासून आपल्याच गावात होती. १९८३ साली ती पुण्याला बिबवेवाडीत गेली. तीस वर्षे ठिकठिकाणचे तरुण इथे येऊन शास्त्र शिकले. त्याच गावात एका वचनावर बोट ठेवून सबंध खटल्याचा निकाल लावायची सवय पडावी, याचे मला फार वाईट वाटते.

लूकचा तेविसावा अध्याय समोर घ्या. चौथ्या वचनात पिलात मुख्य याजकांना आणि लोकांना सांगतो की या माणसात मला दोष दिसत नाही. चौदाव्या वचनात तो ते पुन्हा सांगतो, आणि पंधराव्यात हेरोदालाही काही सापडले नाही असे त्याला जोडतो. बाविसाव्या वचनात तिसऱ्यांदा तेच. एकाच न्यायाधीशाने एकाच आरोपीला तीनदा निर्दोष ठरवल्याची नोंद आहे ही. आता या नोंदींच्या मधले सोळावे वचन वाचा. तिथे पिलात म्हणतो, मी याला फटके मारून सोडून देतो.

कोणत्या गुन्ह्याबद्दल फटके? आरोप सिद्ध झालेला नाही, हे त्याने स्वतः जाहीर केले आहे. रोमी फटका म्हणजे शाळेतली छडी नव्हे. चामड्याच्या वाद्यांत हाडाचे किंवा धातूचे तुकडे ओवलेले असत, आणि त्या माराने माणसे मरतही. योहानाच्या एकोणिसाव्या अध्यायात हा मार प्रत्यक्ष दिला गेला आहे. त्यानंतर पिलात येशूला काट्यांच्या मुकुटासह बाहेर आणतो आणि लोकांना पुन्हा सांगतो की मला याच्यात अपराध सापडत नाही. अंगावरून रक्त वाहणाऱ्या माणसाला शेजारी उभा करून तो निर्दोष असल्याचे सांगणारा हा अधिकारी आपल्या संदेशांत दयाळू कसा ठरतो, हे मला आजवर कोणी समजावून सांगितलेले नाही. दाखवला जातो तो त्याचा सुटकेचा प्रयत्न. त्या प्रयत्नाची किंमत कोणाच्या पाठीने चुकवली, याबद्दल संदेशात चकार शब्द नसतो.

निर्दोष माणसाला थोडी तरी शिक्षा द्यावी, म्हणजे समोरची मंडळी थंड होतील, हा विचार आपल्याकडे अजून जिवंत आहे. काही वर्षांपूर्वी एका पारधी बेड्यावरचा विशीतला पोरगा आईबरोबर माझ्याकडे आला होता. गावात चोरी झाली, गावकरी ठाण्यासमोर जमले, आणि संशय नेहमीप्रमाणे बेड्यावर गेला. पोराला उचलले, रात्रभर ठेवले, सकाळी काही निघाले नाही म्हणून सोडून दिले. न्यायालयाच्या आवारात कडुनिंबाखालच्या बाकावर तो बसला होता. चपला हातात होत्या, कारण तळवे इतके सुजले होते की त्या पायांत जात नव्हत्या. कागदोपत्री त्याच्यावर कसलाही ठपका नव्हता. आई एकच विचारत होती, काही केलं नव्हतं तर मारलं कायले? लूक २३:१६ वर संदेश देणाऱ्याने या बाईच्या प्रश्नाचे उत्तर द्यावे. पारध्यांना जन्मतःच गुन्हेगार ठरवणारा १८७१ चा कायदा १९५२ साली रद्द झाला. जमावाला शांत करण्यासाठी कोणाला तरी पुढे करायची रीत मात्र राहिली.

हेरोदाचा प्रसंग तर ठाण्याची पायरी चढलेल्या कोणालाही ओळखीचा वाटेल. येशू गालीलचा आहे असे कळताच पिलात प्रकरण गालीलचा कारभार पाहणाऱ्या हेरोदाकडे पाठवतो. आमच्या हद्दीतले नाही, तिकडे जा. हेरोद थट्टा करून, झगझगीत वस्त्र घालून कैद्याला परत पाठवतो, आणि लूक नोंदवतो की त्या दिवशी ते दोघे एकमेकांचे मित्र झाले. बरब्बाचेही तसेच. निकाल द्यायचा होता न्यायाधीशाने; त्याने तो अंगणातल्या लोकांवर टाकला आणि दोन कैद्यांतला एक निवडा म्हणाला.

मुख्य बचाव म्हणजे नाइलाजाचा. पिलाताचे हात बांधलेले होते, असे म्हणतात. बांधलेले होते का, ते शास्त्रातच पाहू. वधस्तंभावर लावायच्या पाटीवर पिलाताने इब्री, लॅटिन आणि ग्रीक अशा तीन भाषांत लिहविले की हा यहुद्यांचा राजा. मुख्य याजकांनी हरकत घेतली: राजा असे लिहू नका, तो स्वतःला राजा म्हणवत होता असे लिहा. हेच ते लोक, ज्यांच्या दबावापुढे पिलाताचा म्हणे इलाज चालला नाही. त्यांना त्याने एका वाक्यात परत पाठवले, लिहिले ते लिहिले म्हणून. योहान १९:२२. सकाळी माणसाच्या जिवाच्या प्रश्नावर वाकलेला अधिकारी त्याच दिवशी पाटीवरच्या मजकुरावर ताठ उभा राहतो. जोर होता. तो कुठे लावायचा, हे त्याने ठरवले.

बायबलबाहेरचे पुरावेही याच बाजूचे आहेत. पिलात इसवी सन २६ ते ३६ या काळात यहूदियाचा सुभेदार होता. कैसरिया येथे १९६१ साली सापडलेल्या शिलालेखावर त्याचे नाव आणि हुद्दा कोरलेला आहे. अलेक्झांड्रियाचा फिलो हा त्याचा समकालीन. तो पिलाताच्या कारभारातली लाचखोरी, क्रौर्य आणि चौकशीविना दिलेले मृत्युदंड सांगतो. जोसेफस सांगतो की मंदिराच्या निधीतून पाण्याचा पाट बांधायला घेतला तेव्हा लोक जमले, आणि पिलाताने साध्या वेषातले शिपाई सोटे घेऊन त्या जमावात पेरून ठेवले. खूण होताच त्यांनी लोकांना झोडपले, कित्येक मेले. लूकच्याच तेराव्या अध्यायाच्या आरंभी काही गालीलकरांचे रक्त पिलाताने त्यांच्या यज्ञांत मिसळल्याची बातमी येशूच्या कानावर येते. वधस्तंभावर जाण्याआधीच येशूला हा माणूस ऐकून माहीत होता.

समोरून एक मुद्दा येतो, तो मी टाळणार नाही. जोसेफसच सांगतो की एकदा पिलात जमावापुढे खरोखर नमला. कैसराच्या प्रतिमा असलेली निशाणे त्याने यरुशलेमात आणली, लोक कैसरियाला जाऊन दिवसेंदिवस जमिनीवर पडून राहिले, शिपायांनी वेढले तेव्हा त्यांनी माना पुढे केल्या, आणि पिलाताने निशाणे मागे घेतली. तेव्हा तो दबावाला बळी पडू शकत होता, हे खरे. पण ते लोक मरायला तयार होते. या अंगणातला जमाव दुसऱ्याला मारायला सांगत होता. पहिल्या जमावापुढे नमल्याने जीव वाचले. दुसऱ्यापुढे नमण्यात न्यायाधीशाची खुर्ची वाचणार होती. योहान १९:१२ मधली धमकी तीच आहे: याला सोडलेस तर तू कैसराचा मित्र नाहीस. तिबेरियस कैसराचा अंमल होता आणि अशा तक्रारीची भीती खोटी नव्हती, हेही कबूल. तरी भीतीने गुन्हा का घडला ते कळते, गुन्हा पुसला जात नाही. मार्क तर पंधराव्या अध्यायाच्या पंधराव्या वचनात आडपडदाच ठेवत नाही. लोकांना खूश करण्याच्या इच्छेने पिलाताने हे केले, असे तो लिहितो.

आता हात धुण्याकडे वळतो, कारण सगळा बचाव त्या भांडेभर पाण्यावर उभा आहे. हा प्रसंग चार शुभवर्तमानांपैकी फक्त मत्तयात आहे, आणि मत्तय यहुदी शास्त्र मुखोद्गत असलेल्या वाचकांसाठी लिहीत होता. त्या वाचकाला हात धुणे म्हटल्यावर जुन्या करारातल्या अनुवादाचा एकविसावा अध्याय आठवणारच. रानात एखाद्याचे प्रेत सापडले आणि मारेकरी कोण हे कळले नाही, तर काय करायचे याचा तो नियम आहे. सर्वांत जवळच्या गावाचे अंतर मोजायचे. त्या गावच्या वडीलजनांनी न जुंपलेली कालवड वाहत्या ओढ्याच्या खोऱ्यात, न नांगरलेल्या जागी न्यायची, तिची मान मोडायची, तिच्यावर हात धुवायचे आणि सांगायचे की हे रक्त आमच्या हातांनी सांडलेले नाही. आपल्या शिवाराजवळ खून झाला एवढ्यानेही गाव बांधले जाते, इतके रक्ताचे मोल त्या नियमात आहे. म्हणून मारेकरी खरोखर अज्ञात असला तरच ती मोकळीक मिळते.

पिलाताच्या अंगणात मारेकरी अज्ञात नव्हता. प्रेतही अजून पडलेले नव्हते. माणूस जिवंत समोर उभा होता आणि त्याला वाचवायचा हुकूम देऊ शकणारा एकमेव माणूस हात धूत होता. मत्तयाने हे पिलाताच्या सुटकेसाठी लिहिले असे मला वाटत नाही. ज्याला तो नियम ठाऊक आहे, त्याला ते धुणे आरोपासारखेच दिसेल. शिवाय मत्तय तिथेच थांबत नाही. २४ व्या वचनात हात धुतले, २६ व्या वचनात येशूला फटके मारवून वधस्तंभावर खिळायला सोपवून दिले. ओले हात वाळण्याआधीचा हुकूम तो. आपण २४ वर संदेश संपवतो.

त्या दोहोंमधले २५ वे वचन सर्वांत जास्त घात करून गेले. याचे रक्त आमच्यावर आणि आमच्या मुलाबाळांवर, असे लोक ओरडल्याचे त्यात आहे. युरोपात शतकानुशतके या वचनाच्या आधारे यहुद्यांची घरे जाळली गेली, त्यांना देशोधडीला लावले गेले, मारले गेले. रोमन कॅथलिक चर्चने २८ ऑक्टोबर १९६५ च्या जाहीरनाम्यात स्पष्ट केले की ख्रिस्ताच्या मरणाचा दोष तेव्हाच्या सर्व यहुद्यांवर सरसकट टाकता येत नाही, आणि आजच्या यहुद्यांवर तर मुळीच नाही. आपण प्रॉटेस्टंट असलो म्हणून ही गोष्ट आपल्याला लागू होत नाही असे नाही. महाराष्ट्रात तर हे बोलताना जीभ अडखळली पाहिजे. कोकणातले बेने इस्राएल यहुदी शेकडो वर्षे आपल्यात राहिले, मराठी बोलले, तेलाचे घाणे चालवले, शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून शनिवार तेली म्हटले गेले. त्यांना या भूमीने कधी ख्रिस्ताचे मारेकरी म्हणून छळले नाही. ते पाप आपण आपल्या व्यासपीठावरून आयात करू नये.

आणि शास्त्र तरी काय सांगते? येशू यहूदी, मरीया यहूदी, बारा शिष्य यहूदी. निकदेम यहूदी पुढारी. ऐकून घेतल्याशिवाय आपले नियमशास्त्र कोणाला दोषी ठरवते काय, हे योहानाच्या सातव्या अध्यायात त्यानेच विचारले. अरिमथाईकर योसेफ न्यायसभेचा सभासद, पण त्या निर्णयाला त्याची संमती नव्हती असे लूक आवर्जून लिहितो. वधाच्या वाटेवर रडत मागे चालणाऱ्या बायका यरुशलेमच्याच होत्या. कयफाला मात्र मी सोडत नाही. सगळ्या लोकांसाठी एकाने मरावे हे सोयीचे आहे, असा हिशेब त्याने आधीच मांडून ठेवला होता, आणि त्याच्या न्यायसभेत साक्षीदारांच्या साक्षी एकमेकांशी जुळत नव्हत्या तरी तो पुढे गेला. पण कयफा कोणाच्या जोरावर बसला होता? रोमी सुभेदाराने नेमलेला मुख्य याजक तो. सणाला घालायची मुख्य याजकाची वस्त्रेसुद्धा तेव्हा रोमी पहाऱ्यात कुलूपबंद असत. वधस्तंभ ही शिक्षा रोमची, खिळणारे शिपाई रोमचे, हुकूम रोमचा. ख्रिस्ती लोकांबद्दल मुळीच प्रेम नसलेला रोमी इतिहासकार टॅसिटस हा मृत्युदंड पिलाताच्याच नावावर लिहितो. आणि आपण दर रविवारी उभे राहून जो मतांगीकार म्हणतो, त्यात येशूखेरीज दोनच माणसांची नावे आहेत. एक त्याच्या आईचे, दुसरे पिलाताचे. कयफाचे नाही, यहुदाचे नाही, यहुदी लोकांचेही नाही.

देवाच्या योजनेच्या आड लपायचे असेल तर त्याचे उत्तर खुद्द येशूने पिलाताला तोंडावर दिले आहे. योहान १९:११ मध्ये तो म्हणतो की तुला हा अधिकार वरून मिळाला आहे, म्हणून ज्याने मला तुझ्या हाती दिले त्याचे पाप अधिक आहे. एकाचे अधिक, म्हणजे दुसऱ्याचेही आहेच. वधस्तंभावरून त्याने मागितलेली क्षमा घ्या. ज्यांचा काही अपराध नाही, त्यांच्यासाठी कोणी क्षमा मागत नाही.

एवढा आग्रह मी का धरतो? कारण जमावाचे समाधान हे शिक्षेचे कारण म्हणून आजही पुढे केले जाते, आणि आपल्या लोकांचे मन या शास्त्रभागावर घडते. निर्दोषांना शिक्षा होते ती अशी: २००३ साली नाशिक जिल्ह्यात एका कुटुंबावर भयंकर हल्ला झाला. पाच जण मारले गेले. भटक्या जमातीतल्या सहा गरीब माणसांना पकडले. सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. उच्च न्यायालयाने तिघांची जन्मठेप केली. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये पुन्हा सहाही जणांना फाशी सुनावली. मग त्याच सर्वोच्च न्यायालयाने आपला निकाल मागे घेऊन प्रकरण नव्याने ऐकले. घटनेतून वाचलेल्या साक्षीदार बाईने सुरुवातीला पोलिसांच्या छायाचित्रांतून भलत्याच चौघांना ओळखले होते, आणि त्या दिशेने तपासच झाला नव्हता, हे त्यात उघड झाले. ५ मार्च २०१९ रोजी सहाही निर्दोष सुटले. प्रत्येकाला पाच लाख रुपये भरपाई द्यायचा आदेश राज्याला झाला. तोवर तुरुंगात सोळा वर्षे गेली होती. देशातल्या सर्वांत मोठ्या न्यायालयाने इथे स्वतःचीच चूक कागदावर मान्य केली. पिलाताला एवढेही करावे लागणार नव्हते. त्याने फक्त हुकूम न देणे पुरेसे होते.

त्याच वर्षी जानेवारीत यवतमाळला ९२ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. उद्घाटक म्हणून बोलावलेल्या लेखिका नयनतारा सहगल यांचे आमंत्रण ऐन वेळी मागे घेतले गेले. त्यांनी काही अपराध केला असे बोलावणाऱ्यांचे म्हणणे नव्हते. संमेलन उधळले जाईल ही भीती होती. निर्णय कोणाचा यावर बोटे एकमेकांकडे दाखवली गेली, आणि साहित्य महामंडळाच्या अध्यक्षांनी राजीनामा दिला. कोणाचा जीव गेला नाही, म्हणून मी या प्रसंगाची वधस्तंभाशी बरोबरी करत नाही. पण गावात हे घडले तेव्हा पिलाताचा धडा ज्यांना पाठ असायला हवा होता, त्या आपल्या मंडळ्यांतून मला एकही आवाज ऐकू आला नाही. ज्या लोकांना वर्षानुवर्षे शिकवले की गलक्यापुढे नमणारा अधिकारी दयेला पात्र असतो, ते बोलणार तरी काय?

म्हणून जिल्ह्यातल्या सर्व पाळकांना, संडे स्कूलच्या शिक्षकांना आणि घरी प्रार्थनेत शास्त्र वाचून दाखवणाऱ्या आईबापांना माझी विनंती आहे. पुढच्या उत्तम शुक्रवारी मत्तय २७:२४ वाचाल तेव्हा २६ व्या वचनापर्यंत वाचा, आणि अनुवादाचा एकविसावा अध्याय सोबत उघडा. लूक २३:१६ वरून घाईने पुढे जाऊ नका. आणि यहुद्यांनी येशूला मारले, हे वाक्य मुलांसमोर पुन्हा उच्चारू नका.